मदतनीस : होय

मंगळवार, २१ सप्टेंबर २०२१. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी यशवंत ऊर्फ तात्या झांबरे यांच्या डाव्या तर्जनीतला, सोळा दिवसांपूर्वी जोडलेला कंडरा तुटला. त्या वेळी ते तासगाव तालुक्यातल्या आपल्या घराच्या ओसरीवर बाजेवर बसले होते आणि मी पुण्यात, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लॅपटॉपसमोर. वेळ नक्की सांगता येते, कारण तो कॉल मी रेकॉर्ड करत होते.

"आं," तात्या म्हणाले.

"दुखलं का?"

"न्हाई. जरा चमक मारली."

"बरं. आज इथेच थांबू. हात उशीवर ठेवा."

पुढचा रुग्ण साडेअकराचा होता. कंडरा तुटला हे मला तीन दिवसांनी कळलं.

तात्या झांबरे चोपन्न वर्षांचे होते आणि द्राक्षाची कलमं भरायचे. रानटी वेलीच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पातळ पट्टी घट्ट गुंडाळायची. उजव्या हातात चाकू, डाव्याच्या चिमटीत काडी. टोळीत सोळा माणसं होती आणि दिवसाला सर्वांत जास्त कलमं त्यांची व्हायची, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. ५ सप्टेंबरला जुन्नरजवळच्या एका बागेत ओल्या सरीत त्यांचा पाय घसरला. चाकू डाव्या हाताच्या दोन बोटांतून गेला आणि उजवा हात खाली टेकून मनगटात मोडला. संध्याकाळी त्यांना आमच्याकडे आणलं. डॉ. गाडे यांनी तर्जनी आणि मधल्या बोटाचे कंडरे जोडले. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

कंडरा म्हणजे बोट वाकवणारी दोरी. तात्या तिला शीर म्हणायचे. ती जोडल्यावर पुढचे सहा आठवडे अवघड असतात. रुग्णाने जोर लावून बोट वाकवलं तर जोड सुटतो. बोट अजिबात हललं नाही तर कंडरा आजूबाजूला चिकटून बसतो आणि मग ते कधीच नीट वाकत नाही. म्हणून बोट बाहेरून, हळू वाकवून द्यायचं आणि रुग्णाने ते स्वतः, हाताच्या मागून बांधलेल्या स्प्लिंटच्या कडक आधारापर्यंत उघडायचं. दिवसातून पाच वेळा, दर वेळी दहा. बहुतेक रुग्ण हे आपल्याच दुसऱ्या हाताने करतात. तात्यांच्या दुसऱ्या हाताची प्लास्टरबाहेर आलेली बोटं सुजून चमचा कशीबशी धरत होती.

हे शिकवायचं काम माझं. मी हातांची थेरपिस्ट आहे. त्या वर्षी मार्चपासून आम्ही बाहेरगावच्या रुग्णांना व्हिडिओ कॉलवर व्यायाम द्यायला सुरुवात केली होती. कल्पना माझी होती, फॉर्म मी तयार केले होते आणि २७ सप्टेंबरला विश्वस्तांसमोर पहिल्या चाळीस रुग्णांचा आढावा मांडायचा होता. प्रकल्प चालू राहणार की बंद होणार, ते त्या दिवशी ठरणार होतं.

तात्यांना ९ तारखेला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती आणि त्यांचा मुलगा रणजित घाईत होता. तो चाकणला एका कारखान्यात पाळीवर काम करायचा. त्याला मी वॉर्डात वडिलांच्या बोटांवर सगळं करून दाखवलं. त्याने ते दोन मिनिटांत उचललं.

"पण तुम्ही तर चाकणला असणार," मी म्हणाले. "घरी कोण असतं?"

"तात्या आणि आमची मिसेस. आई जाऊन चार वर्षं झाली."

"त्या करतील हे?"

"करील की. बारावी झालीय. मोबाइलमधलं माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं."

तात्या पलंगावरून म्हणाले, "त्या पोरीला कशाला? आमच्या टोळीतला बापू हाय की. आंघोळ घालायला यायचाच हाय त्यो सकाळी."

"बापू दिवसातून पाच वेळा येतील का?"

"पाच येळा कसा येईल? त्यो कामाला जातोय."

"मग सूनच बरी," मी म्हणाले.

रणजित हसून म्हणाला, "तात्या, मुकादमकी बंद आता. डॉक्टरीण म्हणतील तसं करायचं."

फॉर्मवर अकरावा प्रश्न होता : घरी मदतनीस आहे का? होय / नाही. मी "होय"वर खूण केली.

पहिला कॉल १३ तारखेला झाला. मोबाइल सुनेने धरला होता, त्यामुळे सुरुवातीला मला फक्त तिचा आवाज आणि बाजेची सुंभाची वीण दिसली. मग तिने कॅमेरा क्षणभर स्वतःकडे वळवला. तेवीस-चोवीस वर्षांची, डोक्यावर पदर, कपाळावर घाम.

"नमस्कार मॅडम. मी मोनाली."

"नमस्कार. आधी एक टॉवेल घ्या. चौघडी करून त्यांच्या हाताखाली द्या."

तिने टॉवेल आणला, घडी केली आणि बाजेच्या कडेला ठेवला. तात्यांनी तो कोपराने ओढून हाताखाली घेतला.

"आता व्यायाम करून दाखवा बरं."

"मोबाइल कोण धरणार मॅडम? घरात दुसरं कुणी न्हाई. सकाळचं झालंय आमचं. दहा-दहा केलं."

"तात्या, करते का सून वेळेवर?"

"करती म्हंजे? घड्याळ लावून करती. शाळंत मास्तर एवढं कडक नव्हतं."

"मामा तिसरीतच पळालं शाळेतनं," मोनाली मोबाइलमागून म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. तात्या हसले. मीही हसले.

बोटं चांगली दिसत होती. सूज कमी होती, कातडी सैल होती. स्प्लिंटच्या आत तात्यांनी ती पूर्ण उघडून दाखवली. १७ तारखेला त्याहून चांगली. चाळीसपैकी इतकी मऊ बोटं मी दुसऱ्या आठवड्यात फार थोड्यांची पाहिली होती. त्या कॉलनंतर मी माझ्या सादरीकरणात त्यांचा फोटो घातला आणि खाली लिहिलं : प्रशिक्षित नातेवाईक, उत्तम परिणाम.

फोटोत नातेवाईक नव्हती. ते मला खटकलं. विश्वस्तांना आकडे दाखवून कंटाळा येतो, दोन मिनिटांची चित्रफीत दाखव, असं डॉ. गाडे मला म्हणाले होते. खेड्यातल्या घरात, सुनेचा हात सासऱ्याच्या बोटावर, आणि सूचना देणारा माझा आवाज. मला ती फीत हवी होती. २१ तारखेचा कॉल त्यासाठी होता. रेकॉर्डिंग करत असल्याचं मी त्या दोघांना सांगितलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

"मोनाली, आज मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवा. मला तुमचे हात दिसले पाहिजेत."

"मॅडम, सकाळचं झालंय आमचं."

"असू दे. एकदा परत करू."

"मी दुपारचं करताना व्हिडिओ काढून पाठवू का?"

"नाही, आत्ताच. माझ्यासमोर."

तात्या म्हणाले, "मॅडम, झ्याक चाललंय की. कशाला उगं तिला..."

"तात्या, तुमचं काम फक्त हात सैल सोडायचं. बाकी आम्ही बघतो."

मोनालीने मोबाइल पाण्याच्या कळशीला टेकवला. पहिल्यांदाच ती दोघं एका चौकटीत दिसली. ती बाजेपासून दोन हातांवर उभी होती. रेकॉर्डिंगमध्ये त्यानंतर अकरा सेकंद कुणी बोलत नाही. तात्या दाराकडे बघत आहेत. मोनालीने पदर पुढे ओढला आणि उजवा हात साडीला पुसला. मग परत पुसला.

"मोनाली, माझे पुढचे पेशंट थांबलेत," मी म्हणाले.

ती खाली बसली. हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. तिची बोटं तात्यांच्या तर्जनीला लागली न लागली, तोच तात्यांनी हात झटक्याने मागे घेतला आणि मूठ वळली. स्प्लिंट बाजेच्या लाकडावर आपटलं.

"आं," तात्या म्हणाले.

शुक्रवारी २४ तारखेला सकाळी मोनालीचा फोन आला. साधा, आवाजाचा.

"मॅडम, ते बोट बाकीच्यांपेक्षा सरळ पडतंय."

"कधीपासून?"

"मंगळवारपास्नं. मला वाटलं सूज असंल म्हणून. पण आज नीट बघितलं. बाकीची बोटं जरा आत वळून असत्यात झोपताना, ते एकटंच ताठ हाय."

कंडरा तुटल्याची याहून नेमकी खूण नाही. ती मी तिला शिकवली नव्हती. मी त्यांना ताबडतोब यायला सांगितलं.

शनिवारी सकाळी नऊला ते तिघं आले. रणजित रजा टाकून परस्पर हॉस्पिटलात आला होता. डॉ. गाडे यांनी बोट तपासलं आणि मला बाजूला घेतलं.

"तुटलाय. हे कसं झालं? सतरा तारखेला तूच मला फोटो दाखवला होतास."

"व्यायाम करवताना," मी म्हणाले. "सुनेने नीट धरलं नाही."

"अयोग्य हाताळणी, नातेवाईक," त्यांनी शेजारच्या ज्युनियर डॉक्टरला सांगितलं. त्याने ते टाइप केलं. मी तिथे उभी होते. रेकॉर्डिंगचा विषय निघाला नाही, आणि मी काढला नाही.

सोमवारी पुन्हा शस्त्रक्रिया करायची ठरली.

दुपारी दीडच्या सुमाराला मी माझ्या खोलीत डबा खात होते. दार थोडं उघडलं. मोनाली एकटीच होती.

"येऊ का मॅडम? जेवताय व्हय? मग नंतर येते."

"या, बसा. काय झालं?"

ती बसली नाही. पर्समधून तिने दुधाची धुतलेली पिशवी काढली आणि तिच्यातून प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या. बोटभर रुंद, हातभर लांब. दोन्हींच्या टोकाला फासा होता, आणि फाशाच्या आत जुन्या सुती कापडाची चिंधी शिवलेली.

"रागावणार न्हाई ना?"

"हे काय आहे?"

"कलमाची पट्टी. मामांची बंडलं पडल्यात घरात. मी फासा उघडा धरायची, मामा त्यात बोट घालायचं. मग मी दुसऱ्या टोकाला धरून हळूहळू खाली ओढायची. बोट वाकायचं. सोडलं की मामा आपलं आपण उघडायचं. दहा झालं की दुसरं बोट. नुसती पट्टी काचायला लागली म्हणून चिंधी शिवली."

"पाचही वेळा?"

"पाचही येळा. पहाटे एक जास्तीचं पण करायचो. मामांना घाई हुती, जानेवारीत एका नव्या बागेचं बोलणं झालं हुतं."

"मग मला कॉलवर का नाही दाखवलं?"

"तुम्ही हातानं करायला सांगितलं हुतं. म्हणलं, पट्टी बघून मॅडम वरडतील."

"पण हाताने का नाही केलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चेष्टा करते आहे की काय, ते तिला कळेना.

"मामा हायत की, मॅडम."

मी डब्याचं झाकण लावलं.

"लग्नाला तीन वर्षं झाली. पाया पडताना पण मी हात जमिनीला टेकवते. पायाला लावत न्हाई. त्यांच्या हाताला हात कसा लावणार? ह्यांनी सांगितलं फोनवर, तू कर म्हणून. ह्यांना काय, सांगायला सोपं. मी रडायलाच लागले. मग मामांनीच युक्ती सांगितली, पोरी, आपण पट्टीनं करू, कुणाला सांगू नको. त्या दिवशी तुम्ही लईच म्हणला, म्हणून मी हात लावला. मामा दचकलं. मूठ वळली तवाच मला कळलं, कायतरी झालं."

खाली अँब्युलन्स लागली होती. सायरन थांबेपर्यंत मोनाली थांबली.

"मॅडम, पट्टीमुळं तुटलं का?"

"नाही," मी म्हणाले. "पट्टीमुळे नाही."

"मग तेवढं ह्यांना सांगता का? कालपास्नं फोनवर एकच लावलंय, तू काय केलंस, तू काय केलंस. मामा मधी बोलत न्हाईत. बोलले तर काय सांगतील? सुनेचा हात लागला म्हणून दचकलो, असं सांगतील का पोराला? तुम्ही सांगितलं की पटंल त्यांना."

"सांगते," मी म्हणाले.

तिने पट्ट्या परत नेल्या नाहीत. "तुमच्याजवळच ठेवा, दुसऱ्या कुणाला लागतील," असं म्हणून टेबलावर ठेवून गेली.

ती गेल्यावर मी टेबलाचा डावीकडचा खण उघडला. त्यात रबर बँडचा डबा होता. बोट वाकवण्याची एक जुनी पद्धत आहे. नखावर छोटी आकडी चिकटवायची, तीत रबर अडकवायचं आणि त्याचं दुसरं टोक मनगटाशी स्प्लिंटला बांधायचं. रबर बोट वाकवतं, रुग्ण ते उघडतो. कुणाच्या हाताची गरज नाही. हल्ली ती फार वापरत नाहीत, पण मला ती येते. ९ तारखेला मला वीस मिनिटं लागली असती. मोनालीने ती घरी, न शिकता, अर्धी शोधून काढली होती.

माझी आई फलटणजवळच्या एका गावातली. माझ्या आजोबांना तिने कधी चहा हातात दिला नाही. कप पाटावर ठेवायची, बाजूला व्हायची, मग आजोबा उचलायचे. मी ते अठरा वर्षं रोज पाहिलं. बाजेच्या कडेला ठेवलेला टॉवेलही मी पाहिला होता. बापू आंघोळ घालायला येतो, हे ऐकलं होतं. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी "होय"वर खूण केली.

फाइल एक मजला खाली, वॉर्डात होती. ज्युनियर डॉक्टर पाच वाजेपर्यंत तिथे होता. ओळ बदलायला दोन मिनिटं लागली असती. पण ओळ बदलली की नवी लिहावी लागली असती : थेरपिस्टच्या आग्रहामुळे. आणि मग, कशासाठी आग्रह, हा प्रश्न आला असता. सोमवारची बैठक दोन दिवसांवर होती. मी सादरीकरण उघडलं, तात्यांचा फोटो काढून टाकला आणि शेवटच्या पानावर लिहिलं : गुंतागुंत : एक (नातेवाइकाकडून अयोग्य हाताळणी).

सोमवारी साडेदहाला डॉ. गाडे यांनी तात्यांचा कंडरा दुसऱ्यांदा जोडला. अकरा वाजता मी विश्वस्तांसमोर उभी राहिले. एकाने त्या गुंतागुंतीबद्दल विचारलं. मी म्हणाले, नातेवाइकांचं प्रशिक्षण वाढवावं लागेल. त्यांनी मान डोलावली. प्रकल्पाला तीन वर्षांची मंजुरी मिळाली.

गुरुवार, ३० सप्टेंबर. तात्यांना घरी सोडायचं होतं. या वेळी रबर बँडचं स्प्लिंट मी आदल्या दिवशीच बांधून दिलं होतं. वापरायचं कसं, ते तात्यांना दाखवलं, मोनालीला नाही. तिला कशालाही हात लावायची गरज उरली नव्हती. आमच्याकडे घरी न्यायच्या कागदांत एक पान मराठीत असतं. रणजित खाटेच्या पायथ्याशी उभा राहून ते वाचत होता. सूचना वाचून झाल्यावर वरच्या भागाकडे गेला आणि मोठ्याने वाचू लागला.

"रुग्णाच्या घरच्या व्यक्तीने व्यायाम करवताना अयोग्य हाताळणी केल्यामुळे जोडलेला कंडरा तुटला." तो थांबला. "बघ. लिहूनच दिलंय त्यांनी."

मोनाली लॉकरपाशी थर्मासमधून चहा ओतत होती.

"मी काय म्हणत होतो? कायतरी केलंच असणार हिनं. आठवडाभर तोंडातनं शब्द न्हाई. नीट धरायला काय होत होतं गं?"

"रण्या, गप," तात्या म्हणाले.

"गप काय? तुमचा हात गेला तात्या. कलम धरणारा हात. जानेवारीची बाग गेली. आणि गप?"

"आरं, तिचं न्हाई काय त्यात..."

"मग कुणाचं? हितं लिहिलंय ते खोटं हाय का?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारातून आत येऊन मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते.

"मॅडम हुत्या की समोर," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही बघितलंसा. तुम्हीच सांगा ह्याला."

मोनालीने थर्मास खाली ठेवला.

मला काय बोलायचं होतं, ते माहीत होतं. त्यांनी हात मागे घेतला, कारण मी तिला हात लावायला लावला. एवढंच. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ऐकत होता. परिचारिका होती. ज्युनियर डॉक्टर दारातून आत येत होता.

"अशा गोष्टी होतात," मी म्हणाले. "आता कुणाला दोष देऊन काही उपयोग नाही."

रणजितने कागदाची घडी करून खिशात घातली. "ऐकलंस?" तो बायकोला म्हणाला. "मॅडम चांगल्या हायत म्हणून सरळ बोलल्या न्हाईत."

तात्या खिडकीकडे बघू लागले. मोनालीने चहाचा पेला लॉकरच्या कडेवर, त्यांना घेता येईल असा ठेवला आणि बाजूला झाली. जाताना ती मला "येते मॅडम" म्हणाली. पूर्वीसारख्याच आवाजात.

त्यानंतर तात्या व्हिडिओ कॉलवर आले नाहीत. मोबाइल मोनालीचा होता आणि तो लागत नव्हता. नोव्हेंबरच्या शेवटी रणजित त्यांना घेऊन एकदा पुण्याला आला. मधलं बोट चांगलं वाकत होतं. तर्जनी मधल्या पेरात वाकत होती, टोकाशी नाही. मी त्यांच्या चिमटीत पेन्सिल दिली. ती सुटून पडली. पुन्हा दिली. पुन्हा पडली.

"काडी धरायला ह्येच बोट लागतंय," तात्या म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

"घरी कोण असतं आता?" मी विचारलं.

"बहिणीकडं असतोय मी. बुधगावला."

"आणि मोनाली?"

तात्यांनी रणजितकडे पाहिलं. रणजित म्हणाला, "माहेरी हाय."

"दिवाळीला गेल्या होत्या का?"

"दिवाळीच्या आधीच," तो म्हणाला आणि पुढची तारीख मागितली. त्या तारखेला ते आले नाहीत.

प्रकल्प अजून चालू आहे. आता त्यात पाच थेरपिस्ट आहेत आणि मी प्रमुख आहे. २०२२ मध्ये मी फॉर्म बदलला. अकराव्या प्रश्नाखाली आणखी दोन प्रश्न आले : मदतनीसाचं रुग्णाशी नातं काय? त्या व्यक्तीने रुग्णाच्या हाताला हात लावणं दोघांना चालेल का? एका परिषदेत या दुसऱ्या प्रश्नाचं कौतुक झालं. तो कसा सुचला, असं कुणीतरी विचारलं. अनुभवातून, असं मी सांगितलं.

मोनालीच्या दोन पट्ट्या डाव्या खणात रबर बँडच्या डब्याशेजारी आहेत. रेकॉर्डिंग चौदा मिनिटं वीस सेकंदांचं आहे. मी ते पुसलेलं नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी एक पत्र लिहिलं. मसुदे सहा झाले. शेवटच्या मसुद्यात चार वाक्यं उरली. २१ सप्टेंबर २०२१ रोजी श्री. यशवंत झांबरे यांच्या बोटाचा कंडरा तुटला, तेव्हा मी व्हिडिओ कॉलवर समोर होते. सौ. मोनाली झांबरे यांनी त्याआधी केलेला व्यायाम योग्य होता आणि बोट त्यामुळेच चांगलं झालं होतं. त्या दिवशी त्यांची इच्छा नसताना त्यांना हात लावायला मी भाग पाडलं आणि त्यामुळे ते घडलं. डिस्चार्जच्या कागदावरची ओळ माझ्या सांगण्यावरून लिहिली गेली आणि ती खोटी आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. एक प्रत मी फाइलला लावली. ती अजून कुणी वाचलेली नाही.

मोनालीच्या माहेरचा पत्ता माझ्याकडे नव्हता. बुधगावचाही नव्हता. पत्र मी तासगावच्या घराच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवलं, यशवंत झांबरे आणि कुटुंबीय, अशा नावाने.

अठराव्या दिवशी पोचपावती परत आली. तिच्यावर निळ्या शाईत एकच शब्द आहे : झांबरे. अक्षर सुटं आणि सरळ आहे. तात्यांनी संमतिपत्रावर अंगठा दिला होता, कारण तेव्हा दोन्ही हात निकामी होते. त्यांची सही मी पाहिलेली नाही. रणजित इंग्रजीत सही करतो. मोनालीची सही कशी आहे, ते मला माहीत नाही. आमच्या फॉर्मवर मदतनीसाच्या सहीला जागा नव्हती.